हँडब्रेक: उतारावर गाडी लावताना आणि घाटात ब्रेक गेल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी वर्षभरापूर्वी मोटार घेतली. गाडी शिकवणाऱ्याने त्यांना सांगितले की गाडी लावताना पहिला गिअर टाकून ठेवावा, हँडब्रेक ओढू नये, कारण पावसाळ्यात तो चिकटतो. आता त्यांची बदली पाचगणीला झाली आहे आणि घरासमोरचा रस्ता चांगलाच उताराचा आहे. तेव्हा नुसत्या गिअरवर गाडी उभी ठेवणे पुरेसे आहे का, आणि घाट उतरताना पायाचा ब्रेक लागेनासा झाला तर हँडब्रेक ओढावा का, असे त्यांनी विचारले आहे.

पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईत, मी २६ वर्षे गॅरेज चालवतो आहे. वरून धूर काढत आलेली आणि उतारावरून घरंगळून कुठेतरी आदळलेली, अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या माझ्याकडे येत असल्यामुळे या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले. उतारावर नुसता गिअर पुरेसा नाही. ब्रेक गेल्यावर हँडब्रेक जरूर वापरावा, पण तो कसा ओढावा आणि कोणत्या प्रसंगी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये हे आधी माहीत असायला हवे. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो हँडब्रेक रोज ओढला जात नाही तो अडचणीच्या दिवशीही धरत नाही.

आधी रचना पाहू. पायाचा ब्रेक ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो आणि चारही चाकांना लागतो. हँडब्रेकचा त्या ऑइलशी संबंध नसतो. लिव्हरपासून पोलादी तारेची केबल गाडीखालून निघते आणि बहुतेक मोटारींत मागच्या दोन चाकांपर्यंत जाते. तिथे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पोकळ भांडे, असेल तर केबल आतली एक पट्टी ओढते, ब्रेक शू (अर्धगोल पट्ट्या) फाकतात आणि त्यांच्यावरचे लायनर, म्हणजे घासून पकड घेणारे थर, ड्रमला आतून घट्ट टेकतात. मागे डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, असेल तर केबल कॅलिपर या चिमट्यातूनच तिच्यावर पॅड (लायनरसारखेच घासणारे ठोकळे) दाबते, किंवा डिस्कच्या मधल्या खोलगट भागात हँडब्रेकसाठी लहानसा वेगळा ड्रम असतो. म्हणजे ऑइल पूर्ण गळून गेले तरी हँडब्रेक लागतो. मात्र साध्या ड्रमच्या गाडीत पायाच्या आणि हाताच्या ब्रेकचे लायनर एकच असतात. हा मुद्दा पुढे घाटाच्या वेळी लागणार आहे, म्हणून तो लक्षात असू द्यावा.

आता नुसत्या गिअरविषयी. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा तिला धरून ठेवणारी शक्ती ही बंद इंजिनाच्या सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेची असते. ही हवा पिस्टनच्या रिंगांवरून हळूहळू निसटते. इंजिन जुने असेल आणि उतार तीव्र असेल तर गाडी मधूनच एक हिसका घेऊन बोटभर सरकते, थांबते आणि पुन्हा सरकते. शिवाय मागून कोणाचा धक्का लागला तर तो सगळा गिअरबॉक्सच्या दात्यांवर येतो. दर ८ फुटांना १ फूट चढणाऱ्या रस्त्यावर १२०० किलोंची गाडी सुमारे दीडशे किलोंच्या ओढीने खाली जाऊ पाहत असते. एवढी ओढ रात्रभर, रोज, एकट्या इंजिनावर सोपवू नये. गिअर हा हँडब्रेकचा जोडीदार आहे आणि त्या नात्याने तो अवश्य टाकावा. पण पहिला भार हँडब्रेकनेच घ्यावा.

त्यासाठी क्रम असा ठेवावा. पायाचा ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवावी आणि तो दाबलेला असतानाच हँडब्रेक ओढावा, म्हणजे लिव्हरला हिसडे द्यावे लागत नाहीत. मग गिअर न्यूट्रलला आणून पाय ब्रेकवरून सावकाश उचलावा. गाडी किंचित हलून बसते, तेव्हा तिचा भार हँडब्रेकवर आलेला असतो. ती सरकू लागली तर लगेच पाय परत दाबावा आणि लिव्हर आणखी एक-दोन दाते (ओढताना होणारा एक ‘टक्’ म्हणजे एक दाता) वर घ्यावा. गाडी थांबली आहे याची खात्री झाल्यावर इंजिन बंद करून क्लच दाबावा आणि गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा. पुष्कळ जण आधी गिअर टाकतात, पाय काढतात, गाडी गिअरवर बसते आणि मग हँडब्रेक ओढतात. त्या वेळी लिव्हर वर आलेला दिसला तरी गाडी गिअरलाच टांगलेली असते.

ऑटोमॅटिक गाडीत हाच क्रम जास्त जपावा लागतो. तिच्या ‘पी’ स्थितीत गिअरबॉक्समधला एक लहानसा पोलादी खुंटा दातेरी चाकाच्या खाचेत बसतो. उतारावर हँडब्रेक न ओढता ‘पी’ टाकला तर संपूर्ण गाडीचे वजन त्या खुंट्यावर येते आणि सकाळी ‘पी’मधून बाहेर पडताना खाडकन आवाज होतो. तो आवाज येत असेल तर आपला क्रम चुकतो आहे असे समजावे. एएमटी गाड्यांत, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणाऱ्या, २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या प्रकारात, बहुधा ‘पी’ नसतेच. त्या गाड्या ‘डी’ (पुढे जाण्याच्या) किंवा ‘आर’ (रिव्हर्स) स्थितीत असतानाच इंजिन बंद करावे, तर गिअर अडकून राहतो. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडरही नाहीत आणि कोंडलेली हवाही नाही, त्यामुळे गिअरमध्ये ठेवण्याला तिथे काही अर्थ उरत नाही. ज्या विजेच्या गाडीत ‘पी’ नाही तिचा सगळा भार एकट्या हँडब्रेकवर असतो, हे अशा गाडीच्या मालकाने कधी विसरू नये.

चाके वळवून ठेवण्याबाबत शहरातला नियम असा आहे: डावीकडे पदपथाचा कठडा असेल तर उताराकडे तोंड असताना पुढची चाके डावीकडे आणि चढाकडे तोंड असताना उजवीकडे वळवावीत, म्हणजे गाडी सरकलीच तर टायर कठड्याला टेकून थांबतो. तुमच्याकडे बहुतेक ठिकाणी कठडा नाही. तिथे तोंड कुठेही असो, स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवावे आणि दरीच्या कडेला गाडी लावूच नये. गाडी बराच वेळ उभी राहणार असेल तर उताराकडच्या चाकांना लाकडी ठोकळा लावावा. डिकीत दोन ठोकळे कायम असावेत, कारण रस्त्यावरचा गोल दगड ऐन वेळी घसरतो आणि निघताना तो तसाच रस्त्यात टाकून गेलेल्या माणसामुळे मागचा दुचाकीस्वार पडतो. हे मी दोनदा पाहिले आहे.

कायद्याची बाजूही सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार परवानाधारक चालक आसनावर नसताना सार्वजनिक जागी वाहन उभे करायचे, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा वाहन आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पक्क्या परवान्याच्या चाचणीतही चढावर गाडी थांबवून, मागे न जाऊ देता, हँडब्रेकच्या किंवा पायाच्या ब्रेकच्या योग्य वापराने पुन्हा पुढे काढता येणे अपेक्षित आहे. हँडब्रेक ओढू नका असे शिकवणारा शिक्षक विद्यार्थ्याला अर्धीच गाडी शिकवत असतो.

तरीही त्या शिक्षकाच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती नाकारता येणार नाही. पावसात ओला झालेला ड्रम रात्रभर लायनरला दाबून राहिला की त्यावर गंज चढतो आणि लायनर ड्रमला धरतो. महाबळेश्वरात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दर जुलैत तिकडून मागचे चाक न फिरणारी एखादी गाडी माझ्याकडे येतेच. उपाय मात्र सोपा आहे. घर जवळ आले की शेवटचे शंभर-दोनशे मीटर, मागे कोणी नाही हे पाहून, ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवावी. त्या उष्णतेने लायनर सुकतात. गाडी धुतल्यावर तिला एक छोटी फेरी मारून आणावी. महिनाभर गाडी हलणार नसेल आणि जागा पूर्ण सपाट असेल तर हँडब्रेक सोडून गिअर आणि दोन्ही बाजूंनी ठोकळे ही व्यवस्था योग्य आहे. उतारावर ही सवलत नाही. सकाळी चाक अडकलेले वाटले तर क्लचवर जोर देऊन गाडी फरफटू नये. पहिला आणि रिव्हर्स असा आळीपाळीने हलका झोल द्यावा, बहुतेक वेळा ‘टक्’ असा आवाज होऊन ड्रम सुटतो. नाही सुटला तर मेकॅनिकला बोलवावे.

एक अनुभव सांगतो, कारण त्यातली चूक माझी होती. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत स्ट्रॉबेरीची वाहतूक करणारी एक पिकअप गाडी माझ्याकडे आली. लिव्हर दहा-अकरा दाते वर जात होता आणि गाडी धरत नव्हती. हंगाम चालू होता, मालक घाईत होता. मी लिव्हरखालचा नट फिरवून केबल ताणून दिली. लिव्हर पाच दात्यांवर आला, गाडी गॅरेजसमोरच्या चढावर उभी राहिली आणि मी काम झाले म्हणून सांगितले. पंधरवड्याने भरलेल्या क्रेटसह ती गाडी शेताच्या वाटेवर मागे सरकली आणि वीसेक फुटांवरच्या दगडी बांधाला जाऊन टेकली. मध्ये माणूस नव्हता, म्हणून केवळ पत्र्यावर निभावले. त्यानंतर मी मागचे ड्रम उघडले. उजवीकडचा लायनर बरा होता. डावीकडचा रिव्हेटपर्यंत झिजला होता, रिव्हेटच्या डोक्यांनी ड्रमला आतून चकचकीत गोल चरे पाडले होते आणि लायनर झिजेल तसा शू बाहेर सरकवणारा अॅडजस्टर गंजाने असा आवळला होता की तो पान्यानेही फिरेना. केबल ताणून मी लिव्हरचे दुखणे झाकले होते आणि चाकातले दुखणे तसेच ठेवले होते. शिवाय मी परीक्षा घेतली ती रिकाम्या गाडीची.

म्हणून लिव्हर जास्त वर येऊ लागला की ‘केबल ओढून द्या’ असे कोणत्याही गॅरेजला सांगू नये. ‘मागचे ड्रम उघडून दाखवा’ असे सांगावे. लायनर, अॅडजस्टर, व्हील सिलिंडरमधून (ऑइलच्या दाबाने शू फाकवणाऱ्या चाकातल्या नळकांड्यातून) ऑइलची गळती हे सगळे आधी पाहावे, शू व्यवस्थित बसवून घ्यावेत आणि केबलला हात सर्वांत शेवटी लावावा. ड्रममधली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नये, कारण जुन्या लायनरांत अॅस्बेस्टस असू शकतो. लिव्हर किती दात्यांवर धरावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक गाड्यांत ते चार ते आठच्या दरम्यान असते. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमावलीत प्रवासी मोटारीचा पार्किंग ब्रेक पूर्ण भारासह २० टक्के चढावर धरला पाहिजे आणि त्यासाठी हाताचा जोर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोंपेक्षा जास्त लागता कामा नये, अशी अपेक्षा आहे. तुम्हाला दोन्ही हातांनी लिव्हर उपसावा लागत असेल तर आतमध्ये काहीतरी बिघडले आहे.

आता घाटाकडे वळू. पाचगणीहून वाईपर्यंत १२-१३ किलोमीटरांत गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली येते. प्रवाशांसह १२०० किलोंच्या गाडीची एवढी उतरण म्हणजे साधारण २० लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी उष्णता. वारा आणि टायर तिचा काही भाग घेतात. उरलेली इंजिनाने घ्यायची की ब्रेकने, हे चालक गिअर निवडून ठरवतो. चौथ्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवून जो उतरतो त्याचे ब्रेक शेवटच्या वळणांपर्यंत तापून वास मारू लागतात. इंजिन बंद करून उतरणाऱ्याची अवस्था त्याहून वाईट असते.

‘ब्रेक फेल झाला’ असे सगळेच म्हणतात, पण त्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि हँडब्रेकचा उपयोग प्रत्येकात वेगळा आहे. पॅडल दगडासारखे कडक झाले असेल तर बूस्टरची, म्हणजे इंजिनाच्या आधाराने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदत गेली आहे, बहुधा इंजिन बंद पडल्यामुळे. ब्रेक तेव्हाही जागेवरच असतो. सीटला पाठ टेकवून सगळ्या ताकदीने पॅडल दाबावे, गाडी थांबते. पॅडल खाली बसत असेल तर ऑइल गळले आहे किंवा उष्णतेने उकळून त्यात वाफ झाली आहे. डॉट ३ प्रतीचे ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतले पाणी शोषून घेतल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते, म्हणूनच दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. या प्रकारात हँडब्रेक खरोखर कामाला येतो, कारण त्याला ऑइल लागतच नाही. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पॅडल नेहमीसारखे लागते, पण गाडी थांबत नाही, कारण लायनर आणि पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. मागचे ड्रम तापले असतील तर हँडब्रेक त्याच निकामी लायनरांना दाबणार, त्याच्याकडून फार थोडी मदत मिळेल. तिथे गिअर हाच आधार आणि पहिला वास आला तेव्हाच थांबणे हाच उपाय.

पॅडल खाली गेले तर पहिल्या क्षणी ते झपाट्याने तीन-चार वेळा मारावे, पुष्कळदा थोडा दाब परत येतो. त्याच वेळी एकेक गिअर उतरवत यावे, चौथ्यावरून तिसरा, मग दुसरा. मग अंगठ्याने हँडब्रेकचे बटण दाबून ठेवावे आणि लिव्हर हळूहळू वर घ्यावा. बटण दाबलेलेच हवे, कारण मागची चाके घसरू लागली तर लिव्हर तत्काळ खाली सोडता आला पाहिजे आणि पकड आल्यावर पुन्हा ओढता आला पाहिजे. ब्रेक लागताना गाडीचे वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात, म्हणून एकदम ओढलेला हँडब्रेक ती जाम करतो आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. वळणात तर हे निमिषात होते, आणि जूनच्या पहिल्या सरीने रस्ता निसरडा झालेला असताना त्याहूनही लवकर. त्यामुळे लिव्हर सरळ पट्ट्यात ओढावा आणि वळण घेताना सैल करावा. इंजिन बंद करू नये, स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली काढली तर ते अडकते. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. एवढे करूनही वेग हटला नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला नेऊन तिची कड घासत थांबवावी. पत्रा नंतर सरळ करता येतो.

लिव्हरऐवजी बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर चालत्या गाडीत ते बटण ओढून धरून ठेवावे लागते. अनेक गाड्यांत त्यानंतर यंत्रणा स्वतः चारही चाकांना ब्रेक लावते आणि बटण सोडले की ब्रेक सुटतो. तुमच्या गाडीत नेमके काय होते हे पुस्तिकेत आधी वाचून ठेवावे. ‘ऑटो होल्ड’ (गाडी थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) किंवा ‘हिल होल्ड’ (चढावर निघताना गाडी मागे जाऊ न देणारी सोय) यांना पार्किंग ब्रेक समजू नये. हिल होल्ड दोन-तीन सेकंदच धरतो.

घाट उतरून तापलेली गाडी लावताना एक काळजी घ्यावी. मागे डिस्क असेल तर ती थंड होताना आकसते, पॅडची पकड सैल होते आणि व्यवस्थित उभी असलेली गाडी अर्ध्या-पाऊण तासाने सरकू शकते. लिव्हर एक दाता जास्त ओढावा आणि गिअर टाकायला विसरू नये. ड्रममध्ये उलटे घडते, तो आकसून शूवर आणखी घट्ट बसतो, म्हणून सपाट जागा मिळाली तर ड्रम निवेपर्यंत गिअर आणि ठोकळ्यांवर गाडी ठेवणे बरे. तापलेल्या ड्रमवर पाणी मात्र कधीही ओतू नये, त्याला तडा जाऊ शकतो.

डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. लिव्हर पूर्ण खाली असताना तो जळत असेल तर घाटात उतरू नये, आधी बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहावी.

तुमच्या बाबतीत म्हणायचे तर, वर्षभर न ओढलेल्या या हँडब्रेकवर आज एकदम भिस्त ठेवू नका. मोकळा, बेताचा चढ पाहा, पाय ब्रेकच्या अगदी वर ठेवा, गिअर न्यूट्रलला आणा आणि नेहमीइतके प्रवासी बसवून पाच-सहा दात्यांवर गाडी धरते का पाहा. धरली नाही तर ड्रम उघडून घ्या. आणि गाडी गिअरमध्ये ठेवण्याची सवय असल्यामुळे एक खबरदारी आजपासूनच घ्या: खिडकीतून हात घालून, बाहेर उभे राहून किल्ली कधीही फिरवू नका. गिअरमध्ये असलेली गाडी स्टार्टरच्या जोरावर उडी घेते आणि त्या वेळी तिच्या पुढे बहुधा घरातलेच कोणीतरी उभे असते.